योजना आहे, पण दार कुठलं?



गेल्या पावसात आपल्या एका सभासदांच्या खाजनातला बांध फुटला. मानशीच्या बाजूला भगदाड पडलं, खारं पाणी भातात शिरलं, आतली मासळीही गेली. ते मासेमार, म्हणून आधी मासेमारीच्या कार्यालयात गेले. तिथे उत्तर मिळालं, बांध म्हणजे शेती. शेतीच्या कार्यालयात विचारलं, कृषी कार्ड कुठाय? यांनी खिशातून किसान क्रेडिट कार्ड काढून पुढे केलं. ते चालेना. तिसऱ्या फेरीला कोणीतरी नीट सांगितलं की खाजनाचे बांध कृषी संचालनालयाचा मृद संधारण विभाग बघतो, आणि एकट्याचा अर्ज घेऊन फिरण्यापेक्षा टेनंट असोसिएशनतर्फे गेलेला अर्ज हलतो. तोवर चतुर्थी होऊन गेली होती.

चूक त्यांची नव्हे. दोन्ही कार्डांची नावं सारखीच वाटतात. कृषी कार्ड राज्याच्या शेती योजनांसाठी, ते विभागीय कृषी कार्यालयात मिळतं. किसान क्रेडिट कार्ड बँकेचं, म्हणजे ते कर्ज आहे. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून ते आपल्या धंद्यालाही लागू झालं. डिझेल, बर्फ, जाळी यांच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, आणि वेळेत फेडलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्केच पडतं. सावकाराकडे आपण काय मोजतो ते इथे लिहीत नाही!

आता प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना. ही २०२० साली आली. सर्वसाधारण माणसाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. हा फरक आपले लोक मनावर घेत नाहीत. बर्फपेटीसह मोटारसायकल घ्या. योजनेत तिची किंमत ७५ हजार धरली आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात मासळी विकते आई, गाडीचा अर्ज केला मुलाच्या नावे. ३० हजारांचा हिशोब झाला. आईच्या नावे ४५ हजारांचा झाला असता. गाडी चालवायला मुलगाच होता की!

दुसरी गोष्ट, आधी वस्तू घेऊन मग बिल नेऊ नका. मंजुरी आधी, खरेदी नंतर. योजनेची मूळ मुदत २०२४-२५ पर्यंतची, ती एक वर्षाने वाढवली होती. म्हणून अर्ज लिहिण्याआधी यंदा निधी चालू आहे का, हे मत्स्योद्योग खात्यात विचारून घ्यावं.

याच योजनेत अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, इस्पितळासाठी २५ हजारांपर्यंत. वय १८ ते ७०. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, आपल्याला एक पैसा नाही. पण नाव यादीत हवं. रापणीवर दोरी ओढायला येणाऱ्यांची नावं बहुतेक वेळा कुठेच नसतात, आणि पाण्यात पाय घसरतो तो त्यांचाही. होडीवाल्यांनी हे आपलं काम समजावं.

ट्रॉलरवाल्यांसाठीही आहे. जाळ्यात अडकलेलं कासव बाहेर पडावं म्हणून बसवायचं साधन, ज्याला टेड म्हणतात, त्याचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा सगळा सरकार उचलतं. मोरजीला कासवं अंडी घालायला येतात ती याच पाण्यातून. शिवाय हे साधन नाही म्हणून अमेरिकेने आपल्याकडची समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं, त्याचा भाव आपणच सोसतो. मासळीही निसटेल अशी काहींची तक्रार असते. थोडी निसटते, ते आम्ही नाकारत नाही.

सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने मत्स्य व्यवसायासाठी राष्ट्रीय डिजिटल नोंदणी सुरू केली आहे. आधार, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. ओटीपी येतो तेव्हा तो मोबाईल जवळ हवा, मुंबईला मुलाकडे ठेवून येऊ नका. होडी असल्यास तिचे नोंदणीचे कागदही आणा.

जूनमध्ये बंदी लागली की होड्या वर येतील, सगळे घरी असतील. त्या दोन महिन्यांत दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही संस्थेत अर्ज भरायला बसणार आहोत. बायकांनी स्वतः यावं, नवऱ्याच्या हाती कागद पाठवू नयेत.