परळचे रक्त, आपला ऊस आणि शोधनिबंध वाचण्याची रीत



हल्ली गट कार्यालयात सभासद येतात ते हातात कात्रण नाहीतर माहितीपत्रक घेऊनच. "उसाचा जनुक सापडला", "नव्या जातीने उतारा वाढणार", असा मजकूर असतो. प्रश्न एकच असतो, "साहेब, यंदा हे बेणे लावू का?" बेणे चुकले तर नुसती एक लागण जात नाही, मागचे खोडवेही जातात. म्हणून अशा बातमीच्या मुळाशी असलेला शोधनिबंध आम्ही ऊस विकास विभागात कसा वाचतो आणि त्याचा सारांश कसा काढतो, ते या अंकात सांगत आहोत.

उदाहरण उसाचे नाही, माणसाच्या रक्ताचे घेत आहोत. ते पार तडीला गेलेले आहे आणि आपल्या ओळखीच्या जागेचे, म्हणजे परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे आहे. आपल्या कित्येकांचे भाऊबंद गिरण्यांच्या दिवसांपासून लालबाग-परळला राहिले, आणि मोठे दुखणे निघाले की आजही आपण तिकडेच धावतो.

मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात दोनच पानांचा एक निबंध आला. लिहिणारे सात जण होते. के. ई. एम. ला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे व भाटिया हे तिघे आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले चौघे. निबंध हातात घेतला की आम्ही कागदावर पाच प्रश्न लिहितो. या निबंधाला ते लावून पाहू.

१) विचारले काय? काही माणसांचे रक्त तपासणीत 'ओ' गटाचे दिसते, पण त्यांना 'ओ' गटाचे रक्तही जुळत नाही. मिसळले की गुठळ्या होतात. असे का?

२) पाहिले किती? तीन माणसे. तीन म्हणजे थोडीच, हे आम्ही सारांशात ठळक लिहितो.

३) ताडून कशाशी पाहिले? ए, बी, एबी आणि ओ या चारही गटांच्या रक्तपेशींशी. कशाशीच जुळले नाही, म्हणून ही गोष्ट वेगळी ठरली. ताडून पाहायला दुसरे काही नसेल, तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

४) दुसऱ्या कोणी तपासले का? हो, लंडनच्या प्रयोगशाळेने तपासले. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांना एका कुटुंबात असेच रक्त आढळले. आईचा गट 'ओ' दिसत होता, तरी तिच्याकडून 'बी' मुलीकडे गेला होता. म्हणजे आईत 'बी' चा जनुक होता, फक्त तो दिसत नव्हता.

५) सिद्ध काय झाले आणि काय नाही? असा गट आहे, हे सिद्ध झाले. त्याला पुढे 'बॉम्बे रक्तगट' हेच नाव पडले. पण कोणता जनुक बिघडला, हे त्या दोन पानांत नव्हते. ते कळायला ४५ वर्षे लागली.

त्या वर्षांत जे कळले ते ऊसवाल्याला जवळचे आहे. रक्तगटाचा फरक हा मुळात साखरेचा फरक आहे. रक्तपेशीवर फ्युकोज नावाची एक साखर चिकटते, तेव्हा 'एच' हा पाया तयार होतो. त्यावर आणखी एक साखर चढली की 'ए' किंवा 'बी' होतो. काहीच चढले नाही तर 'ओ'. बॉम्बे गटात पायाच नसतो, मग मजला चढणार कशावर? फ्युकोज चिकटवणाऱ्या एन्झाइमचा जनुक १९९० मध्ये हाती आला. भारतातल्या बॉम्बे गटात त्या जनुकाचे ७२५ वे अक्षर बदललेले असते, हे १९९७ मध्ये दिसले. त्यामुळे ३६५ मण्यांच्या माळेतला २४२ वा मणी बदलतो आणि एन्झाइम निकामी होते. एका अक्षराचा एवढा परिणाम!

मग उसातही एक अक्षर बदलले की उतारा वाढेल का? बातमी वाचणाऱ्याची गफलत होते ती इथे. माणसात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची नि एक बापाची. उसात एकाच जनुकाच्या आठ-दहा किंवा अधिक प्रती असतात. एक बिघडली तरी बाकीच्या काम रेटतात. शिवाय साखर हा एका जनुकाचा गुण नव्हे. त्यात जमीन, पाणी, खत आणि तोडणीची वेळ हेही भागीदार आहेत.

२०२४ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात आर-५७० या उसाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११४ गुणसूत्रे आहेत. तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण कोणत्या जनुकांमुळे येतो, त्याचा मागही त्यात लागला. काम मोलाचे आहे. पण पाच प्रश्न लावले की आमचा सारांश असा होतो: जात रियुनियन बेटावरची, अभ्यास आराखड्याचा आणि तांबेऱ्याचा, आपल्या काळ्या जमिनीतले टनेज व उतारा यांत तपासलेला नाही. पैदासकाराला उपयोगी, यंदाच्या लागणीला नाही. आपली को-८६०३२ ही जात को-६२१९८ आणि कोसी-६७१ यांच्या संकरातली. ती शेतावर वर्षानुवर्षे पारखून मग आपल्यापर्यंत आली. जनुकांच्या माहितीने ही पारख लवकर होईल, पण शेतावरची चाचणी चुकणार नाही.

तेव्हा कोणी "शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे" म्हणत बेणे विकायला आला, तर हेच पाच प्रश्न त्याला विचारावेत. किती प्लॉट? शेजारी को-८६०३२ लावून ताडले का? पाडेगाव किंवा मांजरीला चाचणी झाली का? खोडवा कसा आला? उत्तर नसेल तर पैसे देऊ नयेत. कात्रण गट कार्यालयात द्यावे, आम्ही मूळ निबंध मिळवून सारांश सांगू.

एक गोष्ट रक्ताबद्दल. बॉम्बे गट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा आढळतो. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. घरात कोणाचा गट 'ओ' लिहिलेला असून 'ओ' रक्त जुळत नसेल, तर डॉक्टरांना 'एच' ची तपासणी करायला सांगावे. तो गट निघाला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, कारण प्रत्येकात तो असण्याचा संभव चारांत एक असतो. अडीअडचणीला रक्त घरातच मिळू शकते.