विश्लेषण : नवी डिझायर परभणीच्या रस्त्यांवर कितपत उतरते? तीन सिलिंडर, पाच तारे आणि ‘अ‍ॅव्हरेज’चे गणित

मराठवाड्यात गाडी घेताना पहिला प्रश्न असतो ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ आणि दुसरा ‘पिकअप कसा आहे?’ मारुती सुझुकीची चौथ्या पिढीची डिझायर ११ नोव्हेंबर २०२४ रोजी बाजारात आली, तेव्हा या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बदलली. इंजिनात चारऐवजी तीनच सिलिंडर राहिले, ताकद थोडी घटली, अ‍ॅव्हरेज वाढले आणि सुरक्षेत गाडीला पाच तारे मिळाले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला आणि किंमतही उतरली. परभणी जिल्ह्यात ही गाडी घ्यायची तर या बदलांचा नेमका अर्थ काय?

इंजिनात नेमके काय बदलले?

आधीच्या डिझायरमध्ये ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे के-सीरिज इंजिन होते. ते सुमारे ९० पीएस ताकद आणि ११३ न्यूटन मीटर टॉर्क देत असे. नव्या गाडीत तेवढ्याच क्षमतेचे, पण तीन सिलिंडरचे झेड-सीरिज इंजिन आहे. त्याची ताकद सुमारे ८२ पीएस आणि टॉर्क ११२ न्यूटन मीटर आहे. म्हणजे ताकद नऊ टक्क्यांच्या आसपास घटली, टॉर्क जवळपास तेवढाच राहिला.

हा फरक समजून घेतला की मालकांच्या निम्म्या तक्रारी उलगडतात. टॉर्क म्हणजे गाडी जागेवरून ओढण्याचा जोर आणि ताकद म्हणजे वेग वाढल्यावरही तो जोर टिकवण्याची क्षमता. त्यामुळे स्टेशन रोडच्या गर्दीत किंवा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर जुन्या आणि नव्या गाडीत फारसा फरक जाणवत नाही. महामार्गावर ८० च्या पुढे ट्रकला ओव्हरटेक करताना मात्र गाडी किंचित उशिरा वेग पकडते. चार माणसे, भरलेली डिकी आणि सुरू असलेला एसी अशा स्थितीत हे जास्त जाणवते. अशा वेळी पाचव्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहण्यात अर्थ नाही. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क ४३०० आरपीएमच्या आसपास मिळतो. एक गिअर खाली घेतला की इंजिन तिथे पोहोचते.

एक सिलिंडर कमी का केला?

सिलिंडर कमी म्हणजे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग कमी. घासणारे भाग घटले की घर्षणात वाया जाणारे इंधन वाचते. इंजिनाचे वजनही घटते. आधीच्या मॅन्युअल गाडीचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला २२.४१ किलोमीटर होते, ते नव्या गाडीत २४.७९ झाले. ऑटोमॅटिकचे २५.७१ आहे.

याची किंमत गुळगुळीतपणात मोजावी लागते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर १८० अंशांनी एकदा इंधन पेटते, तीन सिलिंडरमध्ये दर २४० अंशांनी. दोन धक्क्यांतले अंतर वाढते आणि इंजिन पुढून मागे किंचित डुलते. हा थरथराट सिग्नलला उभ्या गाडीत, विशेषतः एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना, स्टिअरिंग आणि सीटवर जाणवतो. जुन्या डिझायरवरून नवीवर आलेले मालक सर्वाधिक बोलतात ते याच गोष्टीविषयी. गाडीने वेग घेतला की तो बराचसा विरतो. हा बिघाड नव्हे, रचनेचा स्वभाव आहे. मात्र सुरुवातीला नसलेला थरथराट नंतर वाढत गेला, तर इंजिन माउंटिंग किंवा स्पार्क प्लग तपासून घ्यायलाच हवेत.

जुन्या डिझेलची सर का येत नाही?

मराठवाड्यातल्या टॅक्सीवाल्यांच्या तोंडी अजून डिझेल डिझायरचेच नाव असते. त्या गाडीतले १.३ लिटरचे, मूळ फियाटच्या तंत्रज्ञानाचे इंजिन ताकदीला ७५ पीएसचेच होते. पण त्याचा टॉर्क १९० न्यूटन मीटर होता आणि तोही अवघ्या २००० आरपीएमला मिळत असे. म्हणून भरलेली गाडी चढावरही गिअर न बदलता ओढत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले, छोट्या डिझेल इंजिनाला ते परवडेनात आणि मारुतीने डिझेल बंद केले. डिझेलवरून नव्या गाडीवर येणाऱ्याला ‘पिकअप नाही’ असे वाटते ते यामुळेच. पीएसचा आकडा मोठा दिसला, तरी कमी आरपीएमवरची ओढ जवळपास निम्म्यावर आलेली असते.

कागदावरचे २५ रस्त्यावर किती?

प्रमाणित अ‍ॅव्हरेज प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून मोजतात. तिथे ठरलेला वेग असतो, एसी बंद असतो आणि खड्डे नसतात. परभणीचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा, एसी सुरू, मध्ये गावोगावी गतिरोधक. त्यामुळे प्रत्यक्षात शहरात १५ ते १८ आणि महामार्गावर ८०-९० च्या स्थिर वेगाने २० ते २३ हा आकडा धरून चालणे व्यवहार्य आहे. वेग १०० च्या पुढे गेला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि अ‍ॅव्हरेज झपाट्याने खाली येते.

परभणीकरांना हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त झोंबतो. मनमाडच्या डेपोतून टँकरने येणाऱ्या इंधनाचा वाहतूक खर्च जोडला जात असल्याने राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलच्या यादीत परभणीचे नाव वर्षानुवर्षे झळकत आले आहे. मे २०२१ मध्ये साध्या पेट्रोलने इथे शंभरी ओलांडली, तेव्हा परभणी देशभर बातम्यांत होती. सोयीसाठी लिटरला १०५ रुपये धरू. महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला वर्षाला १८ हजार किलोमीटर पडतात. अ‍ॅव्हरेज २० मिळाले तर खर्च ९४,५०० रुपये, १८ मिळाले तर १ लाख ५ हजार. दोन किलोमीटरच्या फरकाला साडेदहा हजार रुपये लागतात. टायरमधली हवा आणि एअर फिल्टर वेळेवर बघणे म्हणूनच स्वस्त पडते.

ई-२० पेट्रोलने गाडीला धोका आहे का?

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. गोदाकाठच्या उसाशी नाते असलेल्या जिल्ह्याला इथेनॉल नवे नाही. त्याच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे घटणे अटळ आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट एक ते दोन टक्के, तर इतरांत तीन ते सहा टक्के असते. अनेक वाहनमालकांचा अनुभव यापेक्षा जास्त घट झाल्याचा आहे आणि वाद तिथेच आहे. ई-२० सक्तीविरोधातील याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

नव्या डिझायरच्या इंधन नळ्या, सील आणि पंप ई-२० साहाय्यक आहेत. त्यामुळे काळजी नव्या गाडीच्या मालकापेक्षा २०२३ पूर्वीची गाडी सेकंडहँड घेणाऱ्याने करायची आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी जवळपास भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही.

सीएनजी घ्यावी का?

सीएनजी डिझायरचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज किलोला ३३.७३ किलोमीटर आहे. ताकद मात्र सुमारे ७० पीएस आणि टॉर्क १०२ न्यूटन मीटरवर येतो. गिअर फक्त मॅन्युअल. ३८२ लिटरच्या डिकीचा मोठा भाग सिलिंडर खातो. टाटाच्या टिगोरमध्ये दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवून ही अडचण कमी केली आहे आणि तिथे सीएनजीसोबत ऑटोमॅटिक गिअरही मिळतो.

पैशांचे गणित असे. सीएनजीचा भाव ९२ रुपये आणि प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज २६ धरले, तर वर्षाच्या १८ हजार किलोमीटरला सुमारे ६४ हजार रुपये लागतात. पेट्रोलच्या तुलनेत ३० हजारांची बचत. सीएनजी गाडीसाठी ९० हजारांच्या आसपास जास्त मोजले, तर तीन वर्षांत वसूल. पण महिन्याला ६०० किलोमीटरच फिरणाऱ्या नोकरदाराची वर्षाची बचत १२ हजारांच्या घरात राहते आणि वसुलीला सात वर्षे जातात. शिवाय सिलिंडरमध्ये आठ-नऊ किलो गॅस मावतो, म्हणजे एका भरणीत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. परभणीहून छत्रपती संभाजीनगरला एकदा जाण्यापुरते. आपल्या रोजच्या रस्त्यावर पंप कुठे आहे आणि रांग किती लागते, हे बुकिंगआधी स्वतः जाऊन पाहावे.

पाच तारे म्हणजे किती सुरक्षा?

ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी नव्या डिझायरने ३४ पैकी ३१.२४ गुण आणि पाच तारे मिळवले. मारुतीच्या गाडीला असे प्रथमच जमले. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. नंतर भारत एनकॅपमध्ये दोन्ही गटांत पाच तारे मिळाले. सहा एअरबॅग आणि घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा सर्वच मॉडेलमध्ये आहे, हे विशेष. त्यासाठी महागडे मॉडेल घ्यावे लागत नाही.

पण ताऱ्यांना मर्यादा आहे. समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. जालन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर वेगमर्यादा १२० आहे. वेग दुपटीपेक्षा कमीच वाढला, तरी धडकेची ऊर्जा साडेतीन पट होते. त्या वेगाला कुठल्याच गाडीच्या पाच ताऱ्यांची हमी नाही. मागच्या सीटवरच्यांनी पट्टा बांधला नसेल, तर एअरबॅग असूनही पुढच्या माणसाच्या पाठीवर साठ-सत्तर किलोचा आदळा बसतो. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर लांब पल्ला मारण्याआधी टायर थंड असताना हवा तपासणे हाही सुरक्षेचाच भाग आहे.

सनरूफ, कॅमेरे कामाचे की दिखाऊ?

वरच्या मॉडेलमध्ये नऊ इंची टचस्क्रीन, ३६० अंश कॅमेरा आणि या गटात प्रथमच आलेले सनरूफ आहे. अरुंद गल्लीत गाडी लावणाऱ्याला कॅमेऱ्याचा खरा उपयोग होतो. सनरूफचा उपयोग आपल्याकडे पावसाळी सहलीपुरता, मे महिन्यात त्याचा पडदा बंदच ठेवावा लागतो. मागच्या सीटसाठीची एसीची झडप मात्र खालून दुसऱ्या मॉडेलपासून पाहून घ्यावी. इथल्या उन्हात तिच्याइतकी उपयोगी दुसरी सोय नाही.

होंडाने डिसेंबर २०२४ मध्ये आणलेल्या तिसऱ्या पिढीच्या अमेझमध्ये कॅमेऱ्यावर चालणारी चालक-साहाय्य यंत्रणा आहे. समोर अडथळा दिसला की ती इशारा देते, गरज पडल्यास ब्रेकही लावते. तिचे इंजिन चार सिलिंडरचे आणि ९० पीएसचे आहे, पण मॅन्युअलचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज १८.६५ आहे. गळीत हंगामात रात्री दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीमागे ही यंत्रणा आधार वाटू शकते. तरी कॅमेऱ्यालाही दिसण्यासाठी उजेड लागतो आणि लेन ओळखण्यासाठी रस्त्यावर पट्टे लागतात. दोन्ही नसतील तिथे भिस्त चालकाच्या डोळ्यांवरच.

पुराच्या पाण्यात काय करावे?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने पाहिले की ओढे-नाले रस्त्यावर यायला तासही लागत नाही. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरही नाही. पाणी हवेच्या नळीतून इंजिनात गेले की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, तर नुकसान हमखास होते. अशा वेळी चावी काढून गाडी ढकलत बाहेर घ्यावी आणि टो करून न्यावी. साध्या विम्यात इंजिनाचे असे नुकसान बहुधा नाकारले जाते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ जोड घ्यावी लागते.

मग घ्यायची की नाही?

चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असल्याने डिझायरवर आता १८ टक्के जीएसटी लागतो. आधी उपकरासह तो २९ टक्के होता. रोज शहरात आणि महिन्यातून दोनदा नांदेड किंवा संभाजीनगर, असा प्रवास असणाऱ्या कुटुंबाला पेट्रोल मॅन्युअल पुरेशी आहे. भाड्याने चालवणाऱ्याला सीएनजीच परवडते, पण पिवळ्या पाटीच्या गाडीला ताशी ८० चा वेगनियंत्रक असतो, हे हप्ता आणि फेऱ्यांचा हिशेब करतानाच धरावे. कायम भरलेल्या गाडीने, वेगात लांब पल्ला मारणाऱ्याने चार सिलिंडरची गाडीही चालवून पाहावी.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती एक चक्कर मारून उरकू नये. दुपारी दोनच्या उन्हात, एसी पूर्ण सुरू ठेवून, घरची चार माणसे बसवून गाडी वसमत किंवा जिंतूर रस्त्याला न्यावी. एक ट्रक ओव्हरटेक करावा, एका गतिरोधकावरून न्यावी आणि पाच मिनिटे जागेवर सुरू ठेवून स्टिअरिंगवर हात ठेवून बसावे. पाच-सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घेण्याआधी अर्ध्या तासाचे हे पेट्रोल खर्चायला हरकत नाही.