नरडाण्याच्या हमरस्त्यावर : सहकुटुंब जेवायला जायचे तर

आमच्या नरडाण्यात मजुरी-नोकरीवाल्या घरांतून अलीकडे एक नवी चाल पडली आहे. बोनस मिळाला, मुलगी दहावी पास झाली, सुनेचा वाढदिवस आला की सगळे मिळून हॉटेलात जेवायला जातात. काही वडीलधारे याला चैन म्हणतात. आम्ही म्हणत नाही. का म्हणत नाही, ते शेवटी सांगू. आधी, जायचे तर कुठे, ते पाहू.

नरडाणे मुंबई-आग्रा महामार्गावरचे आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव. उत्तरेला तापी ओलांडली की शिरपूर, दक्षिणेला सोनगीर आणि मग धुळे. एवढ्या पट्ट्यात साध्या ढाब्यापासून एसी हॉलपर्यंत सगळे मिळते. येथे हॉटेलांची नावे आम्ही देत नाही. मालक बदलतो, आचारी बदलतो आणि त्याबरोबर चवही बदलते. त्यापेक्षा चांगले कसे ओळखावे, हे कळलेले बरे.

ढाबा आणि शेवभाजी

ढाब्यावर गेलात तर शेवभाजीच मागवा. तिची परीक्षा सोपी आहे. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला यांचा रस्सा आधी उकळायचा आणि जाड तिखट शेव ताट वाढण्याच्या वेळीच टाकायची. शेव रश्श्यात विरघळून लगदा झाली असेल तर ती सकाळची भाजी समजा. तर्री वर दिसते म्हणून भुलू नका. तेल जास्त म्हणजे चव जास्त असे नव्हे. सोबत दादरची भाकरी मिळाली तर रोटी घेऊ नये. ट्रकवाले बंधू जिथे थांबतात तिथे भाजी ताजी असते, कारण पातेले लवकर रिकामे होते.

एक सूचना बायाबापड्यांसाठी. पाटीवर ‘फॅमिली’ लिहिलेले असते, पण आत दारूच्या बाटल्या उघड्यावर दिसतात. पंचशील घेतलेल्या घराने मुलाबाळांना घेऊन अशा ठिकाणी बसू नये. आधी एकाने आत जाऊन बघून यावे, मग सगळ्यांनी उतरावे.

भरीत आणि वरण-बट्टी

हिवाळ्यात भरिताची गोडी न्यारी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगे भाजले की त्याला जो धुराचा वास येतो, तो गॅसवर येत नाही. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून केलेले भरीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुरीबरोबर खावे. हॉटेलवाल्याला सरळ विचारा, ‘भाऊ, काड्यांवर भाजता की गॅसवर?’ काड्यांवर भाजणारा अभिमानाने दाखवतो.

वरण-बट्टी मागवताना घाई असू नये. बट्टी बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ हवी, कुस्करली की वरण पिऊन घेणारी हवी. सोबत घोटलेली वांग्याची भाजी. चार माणसांच्या घराने तीन थाळ्या मागवाव्यात, पुरतात. आमचा अनुभव आहे.

एसी हॉल

दरवर्षी ३१ जुलैला आम्ही लळिंगला जातो. १९३७ साली याच दिवशी पूज्य बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या आठवणीसाठी हजारो माणसे तिथे जमतात. आमचा डबा नेहमी घरचाच असतो. गेल्या वर्षी मात्र थोरल्या मुलीने हट्ट धरला की परतताना धुळ्यात एसी हॉटेलात जेवायचे.

काचेचे दार उघडून दारवान उभा राहिला, आणि आमची माय पायरीवरच थबकली. सत्तरी ओलांडलेली बाई. हळूच म्हणाली, “आपले मझार बसू देतीन का रे भो?”

तिला त्या दारात काय आठवले, ते आम्हाला ठाऊक होते. तिच्या लहानपणी गावच्या चहाच्या दुकानात आपल्या माणसांची कपबशी वेगळी, वळचणीला खोचलेली असे. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाला की कप आपणच विसळून पुन्हा तिथेच ठेवायचा. आमच्या वडिलांनी पुढे हयातभर हॉटेलचा चहा घेतला नाही. आम्हाला ते काटकसर वाटायचे.

नातीने आजीचा हात धरला आणि तिला आत नेऊन मधल्या टेबलावर बसवले. वाढप्याने काचेच्या ग्लासात पाणी ओतले. मायने तो ग्लास दोन्ही हातांत धरला, इकडेतिकडे पाहिले आणि मग प्याली. जेवण ठीक होते. पनीर गोडसर, रोट्या गरम. माय म्हणाली, भाकरीची सर नाही. जेवण झाल्यावर ती आपले ताट उचलू लागली, तेव्हा तो वाढपी पोरगा म्हणाला, “आजी, राहू द्या, ते माझं काम आहे.” मायचे डोळे भरून आले. आम्ही बिलाकडे बघत राहिलो.

हिशेब आणि हक्क

बिलाचेही सांगून टाकू, ते आमचे रोजचे काम. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के असतो. कंपोझिशन योजनेतला छोटा हॉटेलवाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेऊ शकत नाही. ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आहे. तो लावलेला असेल तर काढायला सांगा, लाजू नका. वाढप्याला खुशीने काही द्यायचे तर हातात द्या. बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का, तेही बघा.

दुसरा हिशेब याहून मोठा. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना टांग्यात बसवून नेण्याचे नाकारले. वस्तीतल्या माणसाने, ज्याला टांगा हाकता येत नव्हता, तो हाकला. अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे आपल्या खानदेशातच घडले. त्याच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत जाण्यास जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने हॉटेलात प्रवेश आणि तिथली भांडी वापरू देणे नाकारणे हा गुन्हा ठरवला. १९७६ मधील दुरुस्तीने त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. कुठे वेगळा कप पुढे आला तर गप्प बसू नका. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा आणि पोलिसांत जा.

म्हणून आम्ही याला चैन म्हणत नाही. कर्ज काढून जाऊ नये, मुलांच्या फीचे पैसे मोडू नयेत, एवढे पथ्य पाळावे. पण वर्षातून एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जावे आणि मधल्या टेबलावर बसवावे.

यंदा ३१ जुलै जवळ आली तशी मायने आपणहून विचारले, “आवंदा कोठे जेवानं?” आम्ही म्हटले, तू सांगशील तिथे. तिने शेवभाजी सांगितली.

जयभीम!