तण म्हणून जाळू नका, भाजी म्हणून राखा!

मृगाचा पाऊस पडला, की आठ-पंधरा दिवसांत आपल्या जिल्ह्यात फुकटची भाजी उगवू लागते. तांदुळजा, घोळ, चिवळ, टाकळा, कुर्डू. पुढे रब्बीत ओलिताच्या रानात पाथरी आणि गव्हात चाकवत. ही भाजी कुणी पेरत नाही, की तिला कुणी खत घालत नाही. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत चार मुठी घेऊन यायची. लसूण-मिरचीची फोडणी आणि भाकरी, झाले जेवण. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्याच्याही ताटात हिरवे पान पडायचे ते असे.

आता हे दृश्य कमी होत चालले आहे. कारण सगळ्यांना माहीत आहे. खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून पाठीवर पंप आला. उसात आणि मक्यात अ‍ॅट्राझिन, उसात टू-फोर-डी, कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन. ही औषधे मुख्यतः रुंद पानाच्या तणावर चालतात, आणि आपल्या रानभाज्या बहुतेक रुंद पानाच्याच. म्हणजे काँग्रेस गवतावर धरलेल्या नेमात तांदुळजाही जातो. यात शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याचेही गणित आहे. पण मजुराच्या घरातली भाजी गेली, हा खर्च कुणाच्या वहीत लिहिला जात नाही.

दुसरी गोष्ट त्याहून काळजीची. फवारलेल्या रानातली भाजी औषध लागल्यावरही दोन-चार दिवस हिरवीच दिसते. ओळखू येत नाही आणि खुडली जाते. म्हणून फवारलेल्या रानातली आणि त्याच्या लगतच्या बांधावरची भाजी खाऊ नये. गटाराच्या कडेची आणि युरियाचा भरपूर मारा झालेल्या जागेवरचीही टाळावी. तांदुळजा-माठाच्या पानात नायट्रेट साठते.

मग ही भाजी मिळावी कुठून? उत्तर सोपे आहे. गावाने तिच्यासाठी जागा राखावी.

अकोल्याचा धडा

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांचे नाव आता देशभर झाले आहे. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ‘बाएफ’ संस्थेच्या साथीने वाल, भात आणि भाज्यांचे शंभराहून अधिक गावरान वाण जपले आणि परसबागेचे तंत्र बचत गटांच्या बायकांपर्यंत नेले. त्यातला धडा साधा आहे. बी घरात असले तर भाजी दारात येते. हाच नियम रानभाजीलाही लागू आहे. राज्याच्या कृषी विभागाने २०२० पासून ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव सुरू केले, ते चांगलेच झाले; पण महोत्सवात ताट सजवायलाही भाजी कुठेतरी उगवावी लागते.

आणि ही भाजी काही कमअस्सल नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या कोष्टकांत १०० ग्रॅम हिरव्या माठाच्या पानात सुमारे ३३० मिलिग्रॅम कॅल्शियम दाखवले आहे, तर पालकात ८० च्या आसपास. तांदुळजा हा या माठाचाच भाऊबंद.

बाग कशी करावी?

अंगणवाडी, शाळा किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात गुंठाभर जागा पुरते. हातपंपाचे किंवा नळाचे सांडपाणी वाफ्यात वळवावे. शेळ्यांपासून राखण म्हणून काटेरी कुंपण हवेच. कडेला शेवगा आणि हादगा लावावा.

तांदुळज्याचे बी फार बारीक, म्हणून चाळलेल्या मातीत मिसळून फेकावे. साधारण महिन्याभरात पहिला खुडा मिळतो. उपटू नये, शेंडे खुडावेत, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. घोळीला बीही लागत नाही, ओल्या मातीत काडी खोचली तरी धरते. टाकळा आणि कुर्डू कोवळे असेपर्यंतच खावेत. फुलावर आले की चव गेली.

बियाण्यासाठी आठ-दहा चांगली झाडे न खुडता सोडावीत. तुरा वाळला की कापून, कापडावर झोडून, चाळून, राखेत मिसळून मडक्यात ठेवावा. घोळीची बोंडे आपोआप उघडून बी सांडते, म्हणून ती पूर्ण वाळण्याआधीच काढावीत.

शेजारचा शेतकरी म्हणेल, “तुमच्या बागेतले तण माझ्या रानात येणार!” त्याचे म्हणणे खोटे नाही. कुर्डू एकदा रानात शिरला की आवरत नाही. तेव्हा बियाण्याची झाडे सोडून बाकी सगळी फुलावर येण्याआधी कापावीत.

ओळखीशिवाय काहीही शिजवू नये. घोळीसारखेच जमिनीला चिकटून पसरणारे एक चिकाळ तण असते. देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. धोतऱ्याची रोपे तर विषारीच. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळ जपून खावी. गावातल्या जाणत्या आजीला बागेत आणून मुलांना भाजी ओळखायला शिकवावे. ती ओळख पुस्तकातून येत नाही आणि आजीबरोबरच जाते.

राखणार कोण?

शाळेतल्या परसबागांसाठी केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१८ पासून सप्टेंबर हा पोषण महिना म्हणून पाळला जातो. कागद आहेत, पण बागा मरतात त्या उन्हाळ्यात. शाळेला सुटी लागते, पाणी घालणारा नसतो, आणि जूनमध्ये पाहावे तर नुसते कुंपण उरलेले. यावर उपाय एकच. राखण नावानिशी ठरवावी. १ मेच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी हा विषय घ्यावा, बाग एखाद्या बचत गटाच्या हवाली करावी, भाजी आधी अंगणवाडीच्या पातेल्यात आणि उरली तर गटाच्या घरी, असा ठराव लिहून घ्यावा. बियाण्याचे मडके अंगणवाडीत ठेवावे.

शेतकऱ्यांनीही एवढे करावे. विहिरीजवळचा किंवा गोठ्यामागचा एखादा तुकडा फवारणीतून वगळावा आणि तो कुठला, हे कामावरच्या बायकांना सांगून ठेवावे.