चौघांचा वेग

ॲडव्हेंचर रेसमध्ये संघ बहुतेक वेळा चौघांचा असतो, स्त्री-पुरुष मिळून. नियम साधा आहे: चौघंही पोहोचले तरच संघ पोहोचला. म्हणून वेग ठरतो तो सगळ्यांत मागच्यावर. अबू धाबीच्या लिवा वाळवंटात दुसऱ्या दिवशी ती मागची म्हणजे मीच होते. टाचांना फोड, घशाला कोरड. वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू घट्ट असते, तिथून चढायचं. आडोशाची बाजू भुसभुशीत, उतार ३४ अंशांच्या आसपास, पाय रुततोच. हे ठाऊक असूनही मी मागेच. "पाठपिशवी दे," म्हटल्यावर लाजून नाही म्हणाले. पण माझा हट्ट चौघांचा वेळ खात होता. शेवटी दिली. एकानं कमरेला लवचीक दोरी बांधून मला ओढलं. रात्री चौघंही एकदमच तळावर पोहोचलो.