मॅगिल द्या, गुडेल द्या!

पूर्णगडात ताटातली तारली दगा देते, तेव्हा पहिला उपाय घरचाच असतो: "कोरड्या भाताचा गोळा गिळ!" कधी काटा खाली उतरतो, कधी आणखी रुतून बसतो. (या गोळ्याचं नाव काढलं की डॉक्टर वैतागतात, ते उगाच नाही.) मग पावसवरून रत्नागिरी गाठायची. काटा खोल असेल तर भूल द्यावी लागते आणि डॉक्टर हात पुढे करून म्हणतात, "मॅगिल!"

मॅगिल म्हणजे लांब, वाकडा चिमटा. सरळ असता तर धरणाऱ्याच्या हातानेच घसा झाकला असता. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आयव्हन मॅगिल यांनी तो १९२० मध्ये आणला, पण काट्यांसाठी नव्हे. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेले सैनिक त्यांच्यासमोर यायचे. सर्जनला चेहऱ्यावरच काम करायचं, मग भुलीचा मास्क ठेवायचा कुठे? मॅगिलनी नाकातून नळी घातली आणि घशात तिचं टोक चिमट्याने पकडून ते श्वासनळीत वळवलं. काटे, नाणी, सुटलेले दात काढणं हा त्या चिमट्याचा पुढचा जोडधंदा.

भूलतज्ज्ञाच्या ट्रेवर अशी माणसंच माणसं असतात. "गुडेल" म्हणजे तोंडात बसवायचा वाकडा प्लॅस्टिकचा मार्ग. भुलीत जीभ सैल पडून मागे जाते, श्वास अडतो. गुडेल तिला पुढे धरून ठेवतो. मोठ्या माणसाला तो बहुधा उलटा घालतात आणि आत गेल्यावर फिरवून सुलटा करतात. आर्थर गुडेल हे अमेरिकन. श्वासनळीतल्या नळीभोवती फुगा फुगवला की बाजूने थेंबही आत जाणार नाही, असा त्यांचा दावा होता. पटवायचं कसं? त्यांनी आपल्या कुत्र्याला भूल दिली, फुग्याची नळी घातली आणि चक्क पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. प्रयोग संपला, कुत्रा उठला, अंग झाडलं आणि चालू लागला. त्या कुत्र्याचं नाव? एअरवे! आज असा प्रयोग करायला कुठली समिती परवानगी देईल, असं वाटत नाही.

आपल्याकडची आडनावंही या यादीत आहेत. ऑपरेशनआधी डॉक्टर समोर बसवून सांगतात, "तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, पण आऽ म्हणू नका." ही मल्लमपती परीक्षा. भारतात जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या शेषगिरी राव मल्लमपती यांनी ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. पडजीभ नीट दिसली तर नळी सहज जाईल. नुसती जीभच दिसली तर तयारीत राहायचं. "आऽ" म्हटलं की टाळू वर उचलला जातो आणि घसा आहे त्यापेक्षा मोकळा दिसतो, म्हणून ती मनाई. मग मान मागे झुकवून हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचं अंतर मोजतात. साडेसहा सेंटिमीटर किंवा जास्त भरलं तर हायसं वाटायचं. या परीक्षेचं नाव पाटील टेस्ट! शिवाय, रुग्णाला मास्कने श्वास देत असतानाच दुर्बीण आत सरकवता यावी म्हणून भोक ठेवलेला पाटील-सिरॅक्यूज मास्कही आहे.

आता ब्रेनसाहेब. आर्ची ब्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८१ मध्ये दातांच्या दवाखान्यातल्या मास्कची फुगीर कड काढून नळीला जोडली आणि श्वासनळीच्या तोंडावर बसणारा मास्क बनवला. त्यासाठी शवांच्या घशाचे प्लॅस्टरचे साचेही त्यांनी अभ्यासले. हाच एलएमए (लॅरिंजियल मास्क एअरवे), १९८८ मध्ये बाजारात आला.

श्वासनळीत घातलेल्या नळीचं बाहेरचं टोक कुठे वळतं, ते सांगायला चक्क ध्रुव वापरतात. टॉन्सिलच्या ऑपरेशनात हनुवटीकडे वळणारी ती साउथ पोल, कपाळाकडे जाणारी ती नॉर्थ पोल. रिंग, अडेअर आणि एल्विन या तिघांच्या आद्याक्षरांवरून अशा नळीला रे ट्यूब म्हणतात.

आकड्यांचाही घोळ आहे. "सात नंबर ट्यूब" म्हणजे आतला व्यास सात मिलिमीटर. पण बूजी मागितली की हिशोब फ्रेंच, पॅरिसचे अवजारकार शारिएर यांच्या मापाने: आकड्याला तीनने भागायचं. पंधरा फ्रेंचची बूजी पाच मिलिमीटर जाड. ही वाकड्या टोकाची लवचीक काडी, नळीला वाट दाखवायला आधी घालतात. स्वरयंत्र नीट दिसत नसलं तरी ती श्वासनळीत गेली की टोक कूर्चेच्या कड्यांवरून घसरतं आणि बोटांना टक्-टक् जाणवतं. अन्ननळीत कडी नाहीत, त्यामुळे तिथे टक्-टक् नाही.

राहिला ॲम्बू. १०८ च्या गाडीत असतो तोच. कोपनहेगनमध्ये १९५२ ला पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबून रुग्णांना श्वास दिला. त्यानंतर हेनिंग रुबेन या डॅनिश डॉक्टरांनी दाबून सोडल्यावर आपोआप फुगणारी पिशवी, म्हणजेच ॲम्बू, बनवली, १९५६ पासून ती विकली जाऊ लागली. तिला सिलिंडरचा दाब लागत नाही, साध्या हवेवरही चालते. पहिल्या नमुन्यात पिशवी परत फुगवायला स्प्रिंगचं काम केलं सायकलच्या स्पोकांनी.