भाजीचा मळा ते कसोटी मैदान : लंडनच्या ‘ओव्हल’ची १८० वर्षे

ऑगस्ट २०२५ मध्ये मोहम्मद सिराजने ओव्हलवर अखेरचा त्रिफळा उडवला आणि भारताने अवघ्या ६ धावांनी सामना जिंकून मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली. भारतीय रसिकांना हे मैदान कसोटी सामन्यांमुळे परिचित असले, तरी मुळात ते सरे कौंटीचे मैदान आहे. कौंटी म्हणजे इंग्लंडमधील परंपरागत परगणा. तेथील प्रथम श्रेणी क्रिकेट या परगण्यांच्या क्लबांमध्ये खेळले जाते. मात्र सरे क्लब ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या खेळत आला, ती त्याच्या मालकीची नाही. ती भाडेपट्ट्याने घेतलेली आहे. महानगराच्या मध्यवस्तीतील एवढी मोकळी जागा परक्या मालकीची असूनही कशी टिकली, हे समजून घेण्यासारखे आहे.

मळ्यावर अंथरलेली हिरवळ

थेम्स नदीच्या दक्षिणेकडील केनिंग्टन भागातील ही जमीन ‘डची ऑफ कॉर्नवॉल’ या राजघराण्याच्या जहागिरीची. अंडाकृती रस्त्याने वेढलेल्या या जागेत पूर्वी भाजीपाला पिकत असे. १८४५ साली माँटपेलिअर या क्लबला आपले जुने मैदान गमवावे लागले. तेव्हा जहागिरीने ही जागा वार्षिक १२० पौंड भाड्याने ३१ वर्षांसाठी दिली. टूटिंग येथील सामायिक कुरणातून हिरवळीचे सुमारे १० हजार तुकडे आणून मळ्यावर अंथरण्यात आले. त्याच वर्षी सरे कौंटी क्लबची स्थापना झाली.

पुढे लंडन झपाट्याने विस्तारू लागले आणि या जागेवर घरे बांधण्याचा विचार पुढे आला. त्या वेळी जहागिरीचा वारस, म्हणजे युवराज, अज्ञान होता. त्याच्या वतीने कारभार पाहणारे त्याचे वडील प्रिन्स अल्बर्ट यांनी बांधकामाला नकार दिला. मैदान वाचले ते या एका नकारामुळे.

एक चिटणीस, अनेक खेळ

जागा वाचली तरी क्लबची तिजोरी भरणे आवश्यक होते. १८७२ मध्ये चार्ल्स अल्कॉक सरेचे चिटणीस झाले. ते इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचेही चिटणीस होते. क्रिकेटचा हंगाम उन्हाळ्यापुरता. हिवाळ्यात मैदान रिकामे राही. ही पोकळी त्यांनी फुटबॉलने भरून काढली. एफए चषकाचा पहिला अंतिम सामना १८७२ मध्ये ओव्हलवरच झाला आणि १८९२ पर्यंतचे बहुतेक सर्व अंतिम सामने येथे खेळले गेले. इंग्लंडच्या भूमीवरील पहिला क्रिकेट कसोटी सामनाही सप्टेंबर १८८० मध्ये येथेच झाला. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाने येथे इंग्लंडला ७ धावांनी हरवले. त्यानंतर एका वृत्तपत्राने इंग्लिश क्रिकेटचा उपहासात्मक मृत्युलेख छापला आणि त्यातून ‘ॲशेस’ हे नाव रूढ झाले. १८९८ मध्ये आजचा पॅव्हेलियन उभा राहिला.

छावणी आणि पुनर्जन्म

दुसऱ्या महायुद्धात सरकारने मैदान ताब्यात घेतले. युद्धकैद्यांच्या छावणीसाठी हिरवळीत खांब रोवले गेले, तारांची कुंपणे उभारली गेली. प्रत्यक्षात एकही कैदी तेथे आला नाही. युद्धानंतर मैदान पुन्हा खेळण्याजोगे करण्यासाठी कर्मचाऱ्यांना अपार कष्ट उपसावे लागले.

१९४६ च्या त्याच पहिल्या हंगामात भारतीय संघ सरेविरुद्ध येथे खेळला. होळकर संघाचे चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी अनुक्रमे दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर फलंदाजीस आले. या दोघांनीही शतके झळकावत अखेरच्या गड्यासाठी २४९ धावांची भागीदारी केली. शेवटच्या दोन फलंदाजांनी एकाच डावात शतके करण्याचा असा प्रसंग प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एकमेव मानला जातो. इंदूरकरांना आजही अभिमान वाटावा, असा हा पराक्रम आहे.

मडगावचे सरदेसाई, चतुर्थीची हत्तीण

२४ ऑगस्ट १९७१ रोजी अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय ओव्हलवरच मिळवला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी या सामन्यात ५४ आणि ४० धावांच्या मोलाच्या खेळी केल्या. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. भारतीय समर्थकांनी चेसिंग्टन प्राणिसंग्रहालयातून ‘बेला’ नावाची हत्तीण मैदानात आणली होती. आठ वर्षांनी सुनील गावस्कर यांनी येथेच चौथ्या डावात २२१ धावा केल्या. ४३८ धावांचे लक्ष्य अवघ्या ९ धावांनी हुकले आणि सामना अनिर्णित राहिला.

आपल्यासाठी काय?

आज ओव्हलवर सुमारे २७ हजार ५०० प्रेक्षक बसू शकतात. जमीन जहागिरीची, क्लब भाडेकरू आणि भोवती दाट वस्ती, हे चित्र मात्र मूळचेच आहे. गोव्यात स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानाचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे. फातोर्ड्याचे स्टेडियम १९८९ पासून फुटबॉलसह एकदिवसीय क्रिकेटचेही यजमान ठरले. दोन खेळांनी एक मैदान वाटून घेणे आपल्यालाही नवे नाही. ओव्हलचा इतिहास इतकेच सांगतो की, मैदान केवळ प्रेक्षागारांनी उभे राहत नाही. जागेवरचा दीर्घ मुदतीचा निश्चित हक्क, वर्षभराचा वापर आणि मोक्याच्या क्षणी बांधकामाला ‘नाही’ म्हणणारा कारभारी, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. तेव्हाच भाजीच्या मळ्याला १८० वर्षांचे क्रीडाजीवन लाभते.